जुन्या वस्तूंची ऑनलाईन विक्री : पैसे स्वीकारताना घ्यावयाची दक्षता

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर हे गाव वसले आहे. जवळच्या नाणेघाटाच्या माथ्यावर आजही एक दगडी रांजण दृष्टीस पडतो. कोकणातून देशावर चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीची नाणी या रांजणात टाकली जात, असे परंपरेने सांगितले जाते. त्याच घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या त्यात कोरलेल्या आहेत.

रांजणात पडलेले नाणे देणारा आणि घेणारा या दोघांनाही दिसत असे. आज मात्र पैसा हाताला न लागता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. ही सोय मोठीच आहे. तथापि, पैसा आला की गेला, हे ओळखण्याची जबाबदारी आता ज्याच्या त्याच्यावर येऊन पडली आहे. जुनी वस्तू ऑनलाईन विकणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

बाजाराचे बदललेले स्वरूप

पूर्वी जुना पंप, सायकल किंवा भांडी आठवड्याच्या बाजारात अथवा ओळखीच्या माणसाला विकली जात. घेणारा समोर असे आणि चार माणसे साक्षीला असत. आता वस्तूचे छायाचित्र मोबाईलवरून ओएलएक्स, फेसबुक यांसारख्या ठिकाणी टाकता येते. त्यामुळे पुणे, नाशिक, मुंबई येथील ग्राहकही मिळू शकतो आणि गावापेक्षा अधिक किंमत येण्याची शक्यता असते. दुर्गम भागातील विक्रेत्याला हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की पलीकडे बोलणारा कोण आहे, हे त्याला दिसत नाही.

उदाहरणादाखल, घाटघरमधील एखाद्या तरुणाने पर्यटकांसाठी घेतलेले चार तंबू हंगाम संपल्यावर 6,000 रुपयांस विकावयाचे ठरविले, असे समजू. जाहिरात देताच फोन येतो. बोलणारा स्वतःला सैन्यातील जवान म्हणवितो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवितो, किंमतीत घासाघीस करीत नाही आणि वस्तू न पाहताच पैसे देण्यास तयार होतो. प्रथम तो 1 किंवा 2 रुपये खरोखरच पाठवितो. विश्वास बसला, की एक क्यूआर कोड पाठवून म्हणतो, "हा स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील." तरुण तसे करतो आणि 6,000 रुपये जमा होण्याऐवजी त्याच्याच खात्यातून वजा होतात. लगेच दुसरा कोड येतो, "चुकून झाले, यातून परत मिळतील," असे सांगितले जाते आणि आणखी तेवढीच रक्कम जाते.

अशी फसवणूक केवळ अल्पशिक्षितांचीच होते, असा समज करून घेणे चुकीचे आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीत जुना सोफा विकावयास काढलेल्या एका सुशिक्षित तरुणीचे याच रीतीने प्रथम 20,000 आणि नंतर 14,000 असे 34,000 रुपये गेले. भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये आर्थिक फसवणुकीच्या रीती सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीतही जुन्या वस्तूंच्या ऑनलाईन विक्रीतील या प्रकाराचा समावेश आहे.

पिन लागतो तो पैसे देण्यासाठी

या साऱ्या फसवणुकीचे मर्म एकाच अज्ञानात आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने 2016 मध्ये सुरू केलेल्या यूपीआय पद्धतीत पिन हा खातेदाराच्या सहीसारखा असतो. धनादेशावर सही देणारा करतो, घेणारा नव्हे. त्याचप्रमाणे यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातील शिल्लक पाहताना टाकावा लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. ज्याला पैसे घ्यावयाचे आहेत, त्याने केवळ आपला यूपीआय क्रमांक किंवा खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक सांगावयाचा असतो.

क्यूआर कोडचेही असेच आहे. दुकानात पाटीवर लावलेला कोड ग्राहक स्कॅन करतो, कारण पैसे ग्राहकाने द्यावयाचे असतात. त्या चौकोनात पैसे कोणाला मिळावेत याचा पत्ता साठविलेला असतो. म्हणून विक्रेत्याने आपला कोड ग्राहकास द्यावा, ग्राहकाने पाठविलेला कोड आपण स्कॅन करू नये.

पूर्वी एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीला पैसे मागण्याची विनंती यूपीआयवरून पाठवू शकत असे. तिचा गैरवापर होऊ लागल्याने ही सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद करण्यात आली. तथापि, क्यूआर कोडची युक्ती अद्याप शिल्लक आहे.

फसवणुकीच्या अन्य रीती

दुसरी रीत खोट्या संदेशाची. ग्राहक 1,500 रुपयांऐवजी "चुकून 15,000 पाठविले" असे सांगून वरची रक्कम परत मागतो. मोबाईलवर तसा संदेशही आलेला असतो. परंतु तो बँकेचा नसून त्यानेच तयार करून पाठविलेला असतो. पैसे पाठविल्याच्या पडद्याचे छायाचित्रही असेच बनावट असू शकते. खात्यातील शिल्लक स्वतः तपासून पाहणे, हा यावर एकच उपाय होय.

तिसरी रीत आगाऊ शुल्काची. वस्तू नेण्यासाठी वाहन पाठवितो, तत्पूर्वी नोंदणी किंवा विम्याचे थोडे पैसे भरा, पुढे परत मिळतील, असे विक्रेत्यास सांगितले जाते. वस्तू विकणाऱ्यानेच घेणाऱ्यास पैसे द्यावेत, असा व्यवहार कोणत्याही बाजारात नाही, हे ध्यानात ठेवावे.

चौथी रीत अधिक घातक आहे. पैसे भरण्यास मदत करतो असे सांगून मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखविणारे ॲप घ्यावयास लावले जाते. त्यामुळे टंकलेली प्रत्येक गोष्ट परक्याच्या नजरेस पडते. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून असे कोणतेही ॲप घेऊ नये.

व्यवहार करताना पुढील पथ्ये पाळावीत

1. शक्य असेल तेथे ग्राहकास समक्ष बोलवावे आणि बँक, ग्रामपंचायत कार्यालय यांसारख्या वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी व्यवहार करावा.

2. रक्कम खात्यात जमा झाल्याची स्वतः खात्री झाल्यावरच वस्तू हातातून सोडावी. मोबाईलला रेंज नसेल तर ती मिळेपर्यंत थांबावे. घाई करणाऱ्या ग्राहकाविषयी अधिक सावध राहावे.

3. पैसे ग्राहकाच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच घ्यावेत. तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेली रक्कम दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतील निघाल्यास, चौकशीच्या काळात विक्रेत्याच्या खात्यातील रक्कमही गोठविली जाऊ शकते.

4. विक्रीसाठी शक्यतो वेगळे खाते वापरावे आणि त्यात थोडीच शिल्लक ठेवावी. पीक विमा, शिष्यवृत्ती किंवा निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते, ते खाते अशा व्यवहारापासून दूर राहिलेले बरे.

5. ट्रॅक्टरसारख्या मोठ्या किंमतीच्या वस्तूचे पैसे बँकेमार्फतच घ्यावेत. एकाच व्यवहारात 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्यान्वये 2017 पासून मनाई आहे.

6. वस्तूचे वर्णन, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली साधी पावती दोन प्रतींत करून ठेवावी.

फसवणूक झालीच तर

अशा वेळी लाजेपोटी गप्प राहणे हे सर्वांत मोठे नुकसान होय. 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तक्रार लवकर पोहोचल्यास रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी रोखून धरता येते. काही तासांचा विलंब झाला, तर ती अनेक खात्यांतून फिरून काढून घेतली जाते. व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक, ग्राहकाचा फोन क्रमांक आणि संभाषणाचे पुरावे जपून ठेवावेत, ते पुसून टाकू नयेत. त्याचबरोबर आपल्या बँकेलाही कळवावे. गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळविपर्यंत ग्राहकाने सोसावयाचे आणि कळविल्यानंतर होणारे बँकेने, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिले आहे. म्हणूनच प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते.

संगणकीय साधनांच्या द्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 ड अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

गावाने उचलावयाची जबाबदारी

कायदा गुन्हा घडल्यानंतर कामी येतो. त्यापूर्वीचे काम शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांचे आहे. ग्रामसभेत पाच मिनिटे काढून पिन कशासाठी असतो, हे समजावून सांगता येईल. शाळेतील वरच्या वर्गातील मुले घरातील वडीलधाऱ्यांना क्यूआर कोडचा अर्थ सांगू शकतील. ग्रामपंचायतीच्या फलकावर 1930 हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिण्यास खर्च येत नाही. बचत गटांच्या बैठकांतही हा विषय घेण्यासारखा आहे.

घाटघरसारख्या गावात चार तंबूंचे 6,000 रुपये ही क्षुल्लक रक्कम नव्हे, एखाद्या कुटुंबाच्या बी-बियाण्याची किंवा मुलांच्या शिक्षणाची ती तरतूद असते. नव्या बाजारपेठेचा लाभ अशा कुटुंबांना निर्धास्तपणे घेता यावा, यासाठी एकच वाक्य घरोघरी पोहोचविले पाहिजे : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, आणि जो तो टाकावयास सांगतो, तो ग्राहक नव्हे.