ओणवं झाल्यावर कंबर कोण धरतं?

पावसानं जोर धरला की गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्या पाण्यानं भरतात, चिखलणी होते आणि रोवणी सुरू होते. एका हातात पऱ्ह्यांची पेंढी, दुसऱ्या हाताची बोटं चिखलात आणि कंबर दिवसभर वाकलेली. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या माय, आजी, मामी त्या रांगेत असतात. आता सांगा पाहू, ओणवं असताना त्यांचं अंग कोण सावरून धरतं?

पाठीचे स्नायू? थांबा, थांबा!

स्नायू काम करतो तेव्हा त्यात विजेचे बारीक संकेत उमटतात. 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर या शास्त्रज्ञांनी लोकांना वाकायला लावून पाठीतले हे संकेत टिपले. वाकायला सुरुवात झाली तेव्हा संकेत जोरात आले. माणूस पुरता ओणवा झाला आणि ते जवळजवळ थांबले! पाठीचे मोठे स्नायू चक्क गप्प झाले होते. मग बराचसा भार पडतो कुणावर? एका मणक्याला दुसऱ्याशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांवर. हे आपले अस्थिबंध.

हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, आणि स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. कंडरा तर आत्ताच हाताला लागेल. कोपराच्या थोडं खाली दुसऱ्या हातानं धरा आणि बोटं भराभर मिटा-उघडा. आत काहीतरी हलतंय ना? बोटं मिटणारे मोठे स्नायू तिथे आहेत. तिथून लांब कंडरा मनगटातून थेट बोटांपर्यंत जातात. आपल्या जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत फिरणारा सारस आठवा. त्याच्या पायाच्या खालच्या काडीत मांस दिसतच नाही, कारण ताकदीचे स्नायू वर आणि खाली बहुतेक हाडं नि कंडरा. आणि हो, मागे वाकणारा तो त्याचा गुडघा नव्हे, घोटा!

आता ताणाचं बघू. स्नायू बराच ताणला जातो आणि सोडला की लगेच पूर्ववत होतो. कंडरा मात्र भारी कंजूष. तिच्यातले कोलॅजनचे तंतू आरामात असताना नागमोडी असतात. थोडं ओढलं की सरळ होतात, आणि मग ताण द्यायला फारशी जागाच उरत नाही. 100 मिलिमीटरची कंडरा 8-10 मिलिमीटर ताणली गेली तर तुटायच्या बेताला येते.

अस्थिबंधाची तऱ्हा आणखी निराळी. बराच वेळ ताणून ठेवला की तो हळूहळू सैलावतो, आणि सावरायलाही वेळ घेतो. कॅनडात मॅकगिल आणि ब्राउन यांनी काही जणांना 20 मिनिटं पूर्ण वाकून बसवलं. उठल्यावर पहिल्या 2 मिनिटांत पाठीची साधारण निम्मी ढिलाई गेली. उरलेली थोडी तर अर्ध्या तासानंतरही शिल्लक होती! म्हणून माय रोवणीतून उठल्या उठल्या धानाचं पोतं उचलायला निघाली, तर तिला आधी जरा सरळ उभं राहू द्या, चार पावलं चालू द्या. पोत्याचं दुसरं टोक तुम्ही धरा.

आता एक गंमत करून पाहा. गुडघे न वाकवता पायाची बोटं धरायला जा. मांडीच्या मागे ताण आला की तिथेच अर्धा मिनिट थांबा, श्वास चालू ठेवा. हात आणखी थोडा खाली जाईल! तेवढ्यात स्नायू काही कायमचा लांब झाला नाही. ताण किती झाला हे मोजणारी यंत्रणा स्नायूतच असते. हिसका दिला की ती स्नायूला आवळायला लावते, सावकाश गेलात की शांत राहते. रोज थोडा ताण दिला की काही आठवड्यांत हात आणखी खाली पोहोचतो, आणि यात मोठा वाटा असतो तुमच्या मेंदूचा. आधी जिथे तो 'बस!' म्हणायचा, तिथून पुढे जायला आता तो परवानगी देतो.