एक ते तीन वर्षे वयाच्या बालकाचे संगोपन आणि पूर्णवेळ घरी राहणाऱ्या पालकाचे समायोजन : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अपत्यजन्माभोवती आपल्या समाजाने प्रसंगांची मोठी माळ गुंफली आहे. डोहाळजेवण, बारसे, उष्टावण, पहिला वाढदिवस, संक्रांतीचे बोरन्हाण अशा प्रत्येक वेळी माणसे जमतात, चौकशी करतात, मदतीचे हातही पुढे येतात. मूल चालू लागले की ही वर्दळ ओसरते. "आता काय, मोकळी झालीस," असे आईला सांगितले जाते. प्रत्यक्षात तिचे अवघड दिवस तेथून पुढे सुरू होतात.

समायोजन म्हणजे आपल्या गरजा आणि भोवतालची परिस्थिती यांत मेळ साधण्याची अखंड चालणारी प्रक्रिया होय. नोकरी, शिक्षण वा शेतकाम बाजूला ठेवून लहान मुलासाठी घरी राहणाऱ्या व्यक्तीच्या समायोजनाचा विचार बहुधा तिच्या स्वभावाच्या अंगाने केला जातो. ती सोशिक आहे की चिडखोर, हौशी आहे की कंटाळलेली, एवढेच पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन निराळे आहे. बालकाचा पंधरावा महिना आणि तिसरा वाढदिवस यांच्या दरम्यान आरोग्ययंत्रणा, शिक्षणव्यवस्था व कुटुंब ही तिन्ही एकाच वेळी मागे सरतात. पालकाचे समायोजन या रिकाम्या जागेत घडते, आणि ती जागा ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे मूल्यमापन करणे अन्यायाचे ठरते.

प्रस्तुत लेखिका वर्धा येथे तासिका तत्त्वावर अध्यापन करीत असताना अपत्यजन्मानंतर अडीच वर्षे पूर्णवेळ घरी होती. त्या अनुभवाचा उपयोग येथे उदाहरणापुरता केला आहे.

पंधराव्या महिन्यानंतर

प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास पहिल्या बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्तीने घरी सहा भेटी द्याव्यात अशी व्यवस्था आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या लहान बालकांच्या गृहभेट कार्यक्रमाने त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्याच्या भेटींची भर घातली. या क्रमात पंधराव्या महिन्यानंतरची भेट नाही. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर होतो. त्यानंतर राष्ट्रीय लसीकरणाच्या तक्त्यातील पुढचा बूस्टर पाचव्या वर्षानंतर येतो. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ पाजले जाते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीत तीन वर्षांखालील बालकाचे वजन व उंची नोंदली जाते, घरी नेण्यासाठी आहार मिळतो. अंगणवाडीत बसून शिकणे आणि तेथील गरम ताजे जेवण मात्र तीन ते सहा वर्षे वयासाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा पायाभूत टप्पाही तिसऱ्या वर्षापासूनच मोजला जातो. मिशन शक्तीअंतर्गत २०२२ पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आली. परंतु मंजूर झालेली उद्दिष्टसंख्या सतरा हजार, आणि देशातील अंगणवाड्या सुमारे चौदा लाख! बहुसंख्य गावांच्या वाट्याला ही सोय येणे अवघड आहे, हे सांगण्यास वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

रजेच्या तरतुदी याच सुमारास, किंबहुना त्याआधीच संपतात. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस पाळणाघर बंधनकारक झाले. पुढे या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही तिचा लाभ मिळतो. या सर्व तरतुदींना नियमित वेतन गृहीत आहे. ज्याला घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते त्याच्यासाठी न घेतलेला तास ही रजा नसते, ते केवळ न मिळालेले उत्पन्न असते.

बालकाची स्वायत्तता आणि पालकाची

एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विकासक्रमात साधारण दीड ते तीन वर्षांचा काळ 'स्वायत्तता विरुद्ध लज्जा व संशय' या संघर्षाचा मानला आहे. मूल 'नाही' हा शब्द शिकते आणि कारण असो वा नसो, तो वापरते. दूध हवे असते, पण तेच दूध दुसऱ्या पेल्यात ओतलेले नको असते. त्याला समजणारे शब्द पुष्कळ असतात, उच्चारता येणारे थोडे. या तफावतीतून हातपाय आपटणे, जमिनीवर लोळणे हे प्रकार उद्भवतात. घरातील वडीलधारी मंडळी त्यास हट्टीपणा म्हणतात व दोष घरी राहणाऱ्या पालकाच्या लाडांना देतात. हे निदान सरसकट बरोबर नाही. या वयातील असा हट्ट बहुतांशी विकासाचे लक्षण असतो.

येथे एक गोष्ट दुर्लक्षित राहते. मूल ज्या महिन्यांत आपली स्वायत्तता कमावत असते, नेमक्या त्याच महिन्यांत पालक स्वतःची गमावत असतो. स्नानगृहाचे दार लावून घेणे, सलग दोन पाने वाचणे, गरम चहा गरम असताना पिणे या गोष्टीही मुलाच्या संमतीवर अवलंबून राहतात. प्रौढ भाषेत बोलण्याची संधी दिवसचे दिवस मिळत नाही. पूर्वी पन्नास विद्यार्थ्यांसमोर विषय मांडणारी व्यक्ती सायंकाळी शेजारणीशी बोलताना शब्दांसाठी अडखळते, हा लेखिकेचा स्वतःचा अनुभव आहे.

या कामास आरंभ व शेवट नसतो, आणि साक्षीदारही नसतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरील वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. घरातील व्यक्तींच्या देखभालीसाठी याच क्रमाने १३४ व ७६ मिनिटे नोंदली गेली. हे आकडे उपयुक्त असले तरी लहान मुलाच्या बाबतीत ते अपुरे वाटतात. भाजी चिरताना एक डोळा मोरीतल्या बादलीकडे असतो. ते अवधान घरकामात मोजायचे की देखभालीत? मुलाला झोप लागल्यावरही पालकाचे कान जागेच असतात.

वैदर्भीय उन्हाळा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. सकाळी दहानंतर व सायंकाळी सहापूर्वी लहान मुलाला अंगणात सोडता येत नाही. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, काळोख केलेल्या एकाच खोलीत आठ तास काढावे लागतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला याची कल्पना येणे कठीण आहे. या काळात पालकांची चिडचिड वाढते व हाती मोबाईल देण्याचे प्रमाणही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या बालकास पडदा दाखवूच नये व दोन वर्षांच्या बालकास दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक दाखवू नये असे सुचविले. शिफारस योग्यच आहे. मात्र ती करणाऱ्यांनी आर्वी वा हिंगणघाटच्या पत्र्याच्या घरातली दुपार पाहिलेली नसावी.

दोन सूचना येथे कराव्याशा वाटतात. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर ओल्या हाताने त्याला स्पर्श करणारे मूल जिवाला मुकू शकते. त्यामुळे कूलर मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नये व पाणी भरताना तो बंद करून प्लग काढावा. तसेच अर्धी भरलेली बादली वा टाके हे या वयातील मुलाला बुडण्यास पुरेसे असते. घर सुरक्षित केल्याने पालकाचे अवधान काही अंशी सुटते, म्हणजेच सुरक्षितता हा समायोजनाचाही भाग आहे.

दिवसाची रचना मुलाच्या झोपेवर बेतल्यास त्रास कमी होतो. एक ते दोन वर्षांच्या बालकास दुपारच्या झोपेसह चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते. दुपारच्या झोपेत राहिलेली सर्व कामे उरकावीत हा मोह प्रत्येकास होतो. लेखिकेने सहा महिने तसे केले आणि सहाही महिने थकव्यात गेले. पुढे त्या वेळातील अर्धा तास वाचनासाठी राखून ठेवला. भांडी तशीच राहिली, त्याने काही बिघडले नाही.

सेवाग्रामची परंपरा

घरातील काम आणि मूल यांचा विरोध मानण्याची सवय आपल्याला अलीकडे लागली आहे. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला व डॉ. झाकीर हुसेन समितीने त्याला आराखडा दिला. आरंभी तो सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता होता. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेपर्यंत गांधीजींनी त्याची कक्षा संपूर्ण जीवनाएवढी विस्तारली होती, आणि सात वर्षांखालील मुलांसाठी पूर्व-बुनियादी हा स्वतंत्र टप्पा त्यात आला. आशादेवी आर्यनायकम् व त्यांचे सहकारी यांच्या कार्यामुळे सेवाग्राममध्ये हा विचार प्रत्यक्षात उतरला. स्वच्छता, पाणी, अन्न, बागकाम ही मुलाच्या शिक्षणाची साधने मानली गेली. पालकांचे शिक्षण प्रौढशिक्षणाचा भाग होते, म्हणजे आई-वडीलही शिकणारेच होते.

पूर्णवेळ पालकाला यातून फार व्यावहारिक गोष्ट मिळते. मुलाला दूर ठेवून काम करण्याऐवजी त्याला कामातला लहानसा तुकडा द्यावा. दोन वर्षांचे मूल कणीक मळू शकते, ओला रुमाल दोरीवर टाकू शकते, छोट्या लोट्याने तुळशीला पाणी घालू शकते. शेंगदाणे वा हरभरे निवडायला मात्र देऊ नयेत, ते घशात अडकतात. अशा सहभागाने काम लवकर संपत नाही, उलट दुप्पट वेळ लागतो. पण पालकाचा दिवस दोन परस्परविरोधी मागण्यांत विभागला जात नाही.

याच सेवाग्रामातील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ व राज्याच्या बालविकास यंत्रणेसमवेत 'आरंभ' या उपक्रमात सहभाग दिला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकाशी पालकाने बोलावे, खेळावे, यासाठी अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण व पालक मेळावे हे त्याचे स्वरूप होते. केंद्र शासनानेही २०२४ मध्ये शून्य ते तीन वयोगटासाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. दिशा योग्य आहे. या सर्वांत पालकाला आणखी काय करावे हे सांगितले जाते. त्याच्याकडून थोडा वेळ मूल कोणी घ्यावे, हे अद्याप कोणी फारसे सांगत नाही.

दुसरा प्रौढ

पालकाच्या समायोजनात निर्णायक ठरणारा घटक म्हणजे मुलाजवळ थांबू शकणारा दुसरा प्रौढ, असे लेखिकेचे मत झाले आहे. खेड्यात हे काम आजी करते. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की आजी नसलेल्या घरातील आई मुलाला धुऱ्यावरच्या झाडाच्या झोळीत ठेवते. मजुरी किलोवर असल्याने मुलाकडे गेलेला प्रत्येक फेरा वजनातून वजा होतो. तिच्या दृष्टीने 'घरी राहणे' हा पर्यायच नसतो. घरी राहिली तर हंगामच जातो. त्यामुळे पूर्णवेळ पालकत्वाची चर्चा करताना ती परवडणाऱ्यांचीच आहे, हे मान्य करावयास हवे.

सेवाग्राम व सावंगी येथील मोठ्या रुग्णालयांमुळे वर्धा परिसरात पाळीने काम करणाऱ्या परिचारिकांची कुटुंबे बरीच आहेत. त्यांतील काही घरांत मूल वडिलांकडे असते. अशा वडिलांना कामाइतकाच त्रास प्रश्नांचा होतो. "काय करून राहिले मग आजकाल?" या साध्या प्रश्नाचे उत्तर ते टाळतात. आईच्या घरी राहण्याला निदान प्रतिष्ठेचे एक नाव तरी असते. वडिलांच्या घरी राहण्याला बेकारी याशिवाय शब्द नाही.

तान्ह्या पोळ्याचा येथे उल्लेख करावासा वाटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लहान मुले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात व बोजारा मिळवतात. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवशी दोन-अडीच वर्षांचे मूल एकाच सायंकाळी वीस घरांच्या उंबऱ्याशी जाते आणि वीस घरांना त्याचे नाव कळते. लेखिकेला आपल्या गल्लीतील तीन समदुःखी माता अशाच सायंकाळी भेटल्या. पुढे चौघींनी आळीपाळीने मंगळवारी व शुक्रवारी दोन तास सर्व मुले एकत्र सांभाळण्याचे ठरविले. ही व्यवस्था मुलांच्या सर्दी-तापामुळे वारंवार मोडली, तरी वर्षभर टिकली.

दीर्घकाळ उदासी, झोप उडणे वा जीव नकोसा होणे ही लक्षणे असतील तर मात्र केवळ शेजार पुरेसा नसतो. २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

परतीचा प्रश्न

संशोधन करणाऱ्या महिलांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी. विनियमांत कमाल मुदतीस दोन वर्षांची अतिरिक्त सवलत आणि संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा यांची तरतूद आहे. अनेक संशोधक विद्यार्थिनींना ती ठाऊक नसते व त्या नोंदणीच रद्द करून बसतात. मार्गदर्शकांनी ती आवर्जून सांगावी. तासिका तत्त्वावरील अध्यापकांसाठी मात्र असे काही नाही. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक, आणि अनुभवाची वर्षे सलग असतील तर त्यांना वजन, असा क्रम आहे.

लेखिका तिसऱ्या वर्षी पुन्हा मुलाखतीस गेली तेव्हा अर्जात 'मधल्या काळातील कार्य' असा एक रकाना होता. तेथे तिने 'बालसंगोपन' असे लिहिले. समितीतील एका सदस्याने चष्मा वर करून तो शब्द वाचला आणि हा रकाना कोरा ठेवला तरी चालेल, असे सौजन्याने सुचविले.