संगणकातली हृदयाची झडप

भार : हृदयाच्या झडपा दिवसाला सुमारे १ लाख वेळा उघडतात, मिटतात. महाधमनीच्या झडपेची पाकळी १ मिलिमीटरहून पातळ. तरी मिटलेली असताना ती पाऱ्याच्या सुमारे ८० मिलिमीटर उंचीइतका दाब पेलते.

रचना : पाकळीचे तीन थर. एकात कोलॅजनचे बळकट तंतू, मधला मऊ व पाणीदार, तिसऱ्यात लवचीक इलॅस्टिन.

स्वभाव : पाकळी आधी सहज ताणली जाते, कोलॅजनचे नागमोडी तंतू सरळ झाले की झटकन ताठरते. हे तंतू मुख्यतः परिघाच्या दिशेने असल्याने त्या दिशेने ती कमी ताणली जाते, त्रिज्येच्या दिशेने जास्त.

प्रतिरूप : पाकळीचा चौकोनी तुकडा एकाच वेळी दोन दिशांना ताणून मोजमापे घेतात आणि त्यांवरून समीकरणे बसवतात. मग ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीने झडपेचे हजारो बारीक घटक पाडून संगणक प्रत्येकातला ताण काढतो.

रक्ताची जोड : वाहते रक्त आणि हलणारी झडप यांचे गणित एकत्र सोडवण्याची पद्धत अमेरिकी गणितज्ञ चार्ल्स पेस्किन यांनी १९७२मध्ये मांडली.

उपयोग : ताण कुठे एकवटतो हे आधीच कळल्याने कृत्रिम झडपेचा कमकुवत आराखडा रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाद करता येतो.