बायबॅकमध्ये लहान भागधारकाचा राखीव वाटा

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी पुष्कळांकडे आता थोडेफार शेअर्स असतात. कंपनी आपलेच शेअर्स भागधारकांकडून परत विकत घेते, त्याला बायबॅक म्हणतात. बहुधा त्यासाठी बाजारापेक्षा चढा भाव मिळतो. टेंडर पद्धतीच्या बायबॅकमध्ये लहान भागधारकांसाठी किमान 15 टक्के वाटा राखून ठेवावा, असा सेबीचा 2018 चा नियम आहे. प्रश्न एवढाच की लहान कोणाला म्हणायचे?

दुकान लहान की मोठे याच्याशी त्याचा संबंध नाही. रेकॉर्ड डेटला आपल्याजवळील त्या कंपनीच्या शेअर्सची किंमत दोन लाख रुपयांपेक्षा अधिक नसली, की आपण लहान भागधारक. ही किंमत आपल्या खरेदीच्या भावाने काढत नाहीत, कंपनीने देऊ केलेल्या भावानेही नाही. त्या दिवशी बाजार बंद होतानाचा भाव धरतात. गल्लत होते ती येथेच.

इन्फोसिसचे उदाहरण घेऊ. 2025 मध्ये या कंपनीने 1,800 रुपये भावाने 18,000 कोटींचा बायबॅक केला. रेकॉर्ड डेट होती 14 नोव्हेंबर, बाजारभाव दीड हजाराच्या आसपास. लहान भागधारकांना दर 11 शेअर्समागे 2 देण्याचा हक्क मिळाला, इतरांना दर 706 मागे 17. म्हणजे 110 शेअर्स असणाऱ्याचा हक्क 20 शेअर्सचा, आणि दोन लाखांची रेषा ओलांडलेल्या 154 शेअर्सवाल्याचा अवघा 3 चा! थोडे जास्त शेअर्स असणे असे महागात पडते.

दोन डिमॅट खाती उघडून ही रेषा चुकवता येत नाही, कारण एकाच पॅनवरील खाती एकत्र मोजली जातात. पत्नीचे शेअर्स तिच्या स्वतःच्या पॅनवर असतील तर ते वेगळे धरतात.

रेकॉर्ड डेटलाच खरेदी केलेले शेअर्स उपयोगाचे नाहीत. ते त्या दिवशी खात्यात जमा असावे लागतात, म्हणून निदान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी हवी. कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर्स आधी सोडवून घ्यावेत. हक्क मिळाला तरी शेअर्स आपोआप जात नाहीत. मुदतीत ब्रोकरमार्फत ते द्यावे लागतात, आणि द्यायचे नसतील तर सक्तीही नाही.

कराचा हिशेब आधी करावा. 30 सप्टेंबर 2024 पर्यंत बायबॅकचा कर कंपनी भरत असे. 1 ऑक्टोबरपासून मिळालेली रक्कम भागधारकाचा लाभांश ठरवली गेली. असे नियम अर्थसंकल्पात बदलतात, तेव्हा शेअर्स देण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला चालू नियम विचारून घ्यावा, असे आम्ही सुचवू.