नोकरभरतीतील पूर्वचारित्र्य पडताळणी : गव्हाण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पनवेल तालुक्यातील गव्हाण हे गाव जवाहरलाल नेहरू बंदर आणि नवी मुंबई विमानतळ या दोन मोठ्या प्रकल्पांच्या सान्निध्यात वसलेले आहे. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. विमानतळाच्या सुरक्षित क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकास प्रवेशपत्र लागते आणि त्यासाठी पूर्वचारित्र्याची पडताळणी अनिवार्य असते. त्यामुळे ही पडताळणी अचूक व न्याय्य असणे हा स्थानिक तरुणांच्या उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

पडताळणीचे घटक :
पडताळणीत सामान्यतः ओळख व निवास, शैक्षणिक अर्हता, पूर्वानुभव आणि गुन्हेविषयक नोंद या चार बाबी तपासल्या जातात. केवळ मूळ प्रमाणपत्र पाहणे मात्र पुरेसे नाही. महाराष्ट्रातील शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आला. पुढे राज्य परीक्षा परिषदेने सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. प्रमाणपत्र खऱ्या कार्यालयाचे असूनही त्यामागील गुण खोटे असू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून कागदाऐवजी त्यामागील मूळ अभिलेखाची खातरजमा आवश्यक ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक भांडारातील नोंद थेट संस्थेकडून येत असल्याने ती उमेदवाराने सादर केलेल्या छायाप्रतीपेक्षा अधिक विश्वसनीय होय.

न्यायालयीन भूमिका :
गुन्हेविषयक नोंदीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराने दिलेली माहिती सत्य असावी, असा आग्रह धरला. त्याचबरोबर माहिती दडविली म्हणून सरसकट नियुक्ती नाकारू नये. गुन्ह्याचे स्वरूप, पदाची जबाबदारी व परिस्थिती विचारात घ्यावी, असेही सांगितले. तरुण वयात घोषणा देण्यासारखी क्षुल्लक प्रकरणे दुर्लक्षिता येतात, हे न्यायालयाने उदाहरणादाखल नमूद केले.

हे उदाहरण या परिसरास विशेष लागू पडते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. जमिनीच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरण्याची ही परंपरा पुढेही चालू राहिली. अशा आंदोलनातील जमावबंदीभंगाचा गुन्हा आणि चोरी वा फसवणुकीचा गुन्हा यांस एकाच मापाने मोजल्यास, ज्यांच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहिला त्यांचीच मुले त्याच्या दारातून परत फिरतील.

सुधारणेच्या दिशा :
१) साक्षांकन नमुन्यातील प्रश्न सुस्पष्ट असावेत, ‘अटक’, ‘खटला’ व ‘दोषसिद्धी’ यांतील भेद मराठीत समजावून द्यावा.
२) प्रतिकूल अहवालाची प्रत उमेदवारास देऊन खुलाशाची संधी द्यावी, नामसाधर्म्यामुळे होणाऱ्या चुका त्यामुळेच उघड होतात.
३) कंत्राटदारामार्फत नेमलेल्या कामगारांसही हेच निकष लावावेत.
४) पदाशी संबंधित तेवढीच माहिती मागवावी व तिची गोपनीयता राखावी.
५) महाविद्यालयांनी पदवी पडताळणीच्या पत्रांना निश्चित मुदतीत उत्तर द्यावे.

समारोप :
यातील शेवटची सूचना अध्यापकांच्या थेट अखत्यारीतील आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयात पडून राहिलेले एक पत्र प्रामाणिक विद्यार्थ्याची नेमणूक लांबवू शकते. खोट्यास रोखणे आणि खऱ्यास विनाविलंब प्रवेश देणे, ही पडताळणीची दोन्ही कर्तव्ये समान महत्त्वाची आहेत.