आपल्या वायफायवर कोण कोण बसले आहे?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तो थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तेथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या वायफायला संरक्षण नव्हते. कोणी तरी ते वापरले आणि निघून गेले. चौकशी मात्र त्या गृहस्थाची झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचे वायफाय असेच वापरले गेले.

असे का होते? घरातले सर्व मोबाईल बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात, आणि तो पत्ता ज्याच्या नावावर बिल येते त्याचा असतो. म्हणून आपल्या वायफायवर कोण बसले आहे, हे घरातल्या एकाला तरी पाहता आले पाहिजे. घरात दहावी-बारावीची मुलगी असेल, तर हे काम तिच्याकडे सोपवावे.

भिंतीवरच्या राऊटरच्या मागे किंवा खाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर बहुधा १९२.१६८.१.१ असा आकडा, युजरनेम आणि पासवर्ड असतो. वायफायला जोडलेल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो आकडा टाकावा. आत ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ किंवा तत्सम नावाची यादी सापडते. घरात वायफायवर चालणाऱ्या वस्तू सहा आणि यादीत नऊ, तर तीन कोणाच्या, हा प्रश्न उभा राहतो.

येथे घाई करून शेजाऱ्याशी भांडण काढू नये. बऱ्याच वेळा ती ‘अनोळखी’ वस्तू आपलाच टीव्ही निघते! यादीत प्रत्येकासमोर बारा अक्षर-अंकांचा मॅक ॲड्रेस असतो. तो गाडीच्या नंबरसारखा समजावा. एमएच ०४ म्हटले की ठाणे, तसे पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते. पण टीव्हीच्या आतला वायफायचा भाग दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो, म्हणून नाव ओळखीचे वाटत नाही.

मोबाईलची गोष्ट आणखी वेगळी. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ (२०२०) पासून मोबाईल स्वतःचा खरा नंबर लपवून बनावट नंबर दाखवतात. हे आपल्याच गोपनीयतेसाठी आहे. नंबरातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असाच तात्पुरता नंबर. त्यावरून कंपनी शोधण्यात अर्थ नाही. त्याऐवजी प्रत्येक मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन तो सध्या कोणता नंबर दाखवतो ते पाहावे व यादीशी ताडावे.

तरीही उलगडा होत नसेल, तर जुनीच पद्धत उत्तम. यादी पाहण्याचा एक मोबाईल ठेवून बाकी एकेक वस्तू बंद करावी आणि यादीतून कोण जाते ते वहीत लिहावे. काही राऊटर बंद झालेल्याचे नावही थोडा वेळ दाखवत राहतात, तेव्हा धीर धरावा. सगळे बंद करूनही जो चालू दिसतो, तो बाहेरचा.

त्याला नुसते ‘ब्लॉक’ करून भागत नाही, कारण नंबर बदलून तो परत येऊ शकतो. वायफायचा पासवर्डच बदलावा. नवा पासवर्ड लांब असावा. मोबाईल नंबर किंवा मुलाचे नाव नको. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडावी आणि डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी. राऊटरच्या आत जाण्याचा चिठ्ठीवरचा पासवर्डही बदलावा. हे शेवटचे काम बहुतेक घरांत राहूनच जाते.

दोन दिवसांनी यादी पुन्हा उघडावी. अनोळखी नाव परत दिसले, तर पासवर्ड घरातूनच बाहेर गेला का ते आधी विचारावे. जोडलेल्या मोबाईलवर वायफायचा क्यूआर कोड दिसतो, आणि तो स्कॅन करणाऱ्याला पासवर्ड विचारावाही लागत नाही. पाहुण्यांसाठी राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल, तर तेच द्यावे.