उघड्या पटांगणातलं भजन

सुगी उरकली, ज्वारी घरात आली, की आपल्या मंगळवेढ्याच्या भागात संध्याकाळची भजनं अंगणात आणि पटांगणात रंगतात. आमच्या बचत गटातल्या बायकाही बैठक संपली की टाळ हातात घेतात. पण देवळात छान जमलेलं भजन बाहेर आलं की विस्कटतं, असं बऱ्याच जणी सांगतात. ते का होतं आणि त्यावर काय करायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

देवळाच्या भिंती आपला आवाज आपल्याला परत देतात. पटांगणात गेलेला आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की त्याचा जोर चौथा हिस्साच उरतो. मग प्रत्येकीला वाटतं, आपलं ऐकूच येत नाही, आणि ती ओरडायला लागते. दोन अभंगांत घसा बसतो. म्हणून पाठीशी एखादी भिंत असेल अशी जागा निवडा. लांब रांग करू नका, अर्धगोल करून खांद्याला खांदा लावून बसा. वारा आपल्या पाठीकडून ऐकणाऱ्यांकडे जाईल असं तोंड ठेवा.

वेळही महत्त्वाची. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असते, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. सूर्य मावळून जमीन निवली की तोच आवाज लांबवर पोचतो. उन्हाचा त्रासही टळतो. लाऊडस्पीकर लावायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि रात्री १० च्या आत तो बंद करा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं सांगितलेलं आहे.

आता सुराचं बघू. बऱ्याच बायकांना काळी चार किंवा काळी पाच ही पट्टी सोयीची पडते. पुरुष मंडळाचा पखवाज मागून आणला आणि त्याच्याच सुरात गायलं, तर आवाज एक तर फार खाली जातो, नाही तर वर ताणावा लागतो. आपल्या पट्टीचा पखवाज मिळतो का, ते आधी बघा. कोरड्या उन्हात पखवाजाचं कातडं ताणतं आणि सूर चढतो. डाव्या अंगाची कणीकही लवकर वाळते. म्हणून पखवाज सावलीत ठेवा, ओली कणीक जवळ असू द्या, आणि सुरुवातीच्या आधी पेटीशी सूर पुन्हा जुळवून घ्या.

श्वासाचंही ठरवून घ्या. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की ओळ मधेच तुटते. शेजारणीशी बोलून मागेपुढे श्वास घेतला, तर ऐकणाऱ्याला ती ओळ अखंड वाटते. एकीचा दम संपतो तेव्हा दुसरी सांभाळते. जिला वाटतं, 'माझा आवाज काय कामाचा', तिचीही इथे गरज लागते.

म्हणूनच रांगेत कोणाला घ्यायचं, हा विचार आपल्या गावात तरी नीट व्हायला हवा. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. इथेच गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि १३३८ मध्ये ते गेले. त्यांना आणि त्यांच्या पत्नी सोयराबाईंना पंढरीच्या देवळात जाता येत नव्हतं. त्यांचे अभंग देवळाच्या दाराबाहेर राहिलेल्या माणसांचे आहेत. ते दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात, अशाच उन्हाळ्यात, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं. संत कान्होपात्राही मंगळवेढ्याच्याच. गणिकेच्या घरी जन्मलेल्या या बाईचे अभंग आजही गायले जातात.

अशा गावात ही कुठल्या वस्तीतली, ती सवाष्ण की विधवा, असं विचारून टाळ द्यायचे, हे बरं दिसतं का? दर वेळी पुढे म्हणणारी बदला. मागे धरणाऱ्या जणींतून एकेकीला एक तरी अभंग पुढे म्हणू द्या. गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की हा विषय घ्या आणि वहीत नावं लिहून ठेवा.

पाण्याची घागर जवळ ठेवा, घसा ओला राहू द्या. पुन्हा भेटू. राम कृष्ण हरी.